काडी कुणीच रोवली नाही

सोमवार, ९ जानेवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू म्हणशील, आली, आगाऊ नणंद आली. दोन वर्षं मी गप्प बसले, हे माझ्या स्वभावात बसत नाही, तुला ठाऊक आहे. फोन करणार होते. पण फोनवर तू गप्प झालीस की मी काहीतरी भलतंच बोलून बसते. पत्र तू अर्ध्यावर ठेवून दिलंस तरी मला कळणार नाही, ते बरं.

काल आम्ही नदीवर गेलो होतो. तोच आपला थंडीतला रविवार. तू गेल्यावर दोन हिवाळे कुणी विषयसुद्धा काढला नव्हता. यंदा ढापण्याचा फोन आला. म्हणाला, "दुकानात बसून बसून माझं पोट काउंटरला लागायला लागलंय, या रविवारी मोठी भरती आहे, चला." चष्मे विकून गब्बर झालाय, पण पोट खरंच सुटलंय. दादाने आधी नाही म्हटलं, मग तासाभराने स्वतःच विचारलं, "किती वाजता निघायचं?" तू ओळखतेसच त्याला.

उजाडता उजाडता कयाक पाण्यात टाकल्या. त्याच दोन, दोघा-दोघांच्या, पिवळी आणि हिरवी. पिवळीत पुढे मी, मागे ढापण्या. हिरवीत दादा. धुकं होतं आणि बोटं अशी गारठली होती की वल्हं धरलंय की नाही तेच कळत नव्हतं. पण भरतीचं पाणी आत शिरायला लागलं होतं, आणि अशा वेळी काही करावंच लागत नाही. वल्हं मांडीवर आडवं टाकायचं आणि नदी नेईल तिकडे जायचं. ढापण्याच्या चष्म्यावर वाफ धरलेली. मी ओरडले, "डावीकडे खांब आहे!" तर म्हणतो, "असू दे की, त्याचा तो आहे." आपटलोच. त्या खांबावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता, तो उडालाही नाही. आमच्याकडे नुसतं बघितलं त्याने, अगदी आमच्या शाळेच्या हेडबाईंसारखं.

ऊन आलं आणि सगळं छान झालं. जुन्या वीटभट्टीशी नदीचा जो छोटा फाटा आत जातो, तिथे नेहमीच्या काठाला लागलो. उकडलेली अंडी, थर्मासमधलं सूप, पाव. पाव दुकानातून आणलेला होता. तुझ्या भट्टीतला नव्हता, म्हणून उरला.

आणि मग आम्ही अडकलो, वहिनी. चक्क चिखलात. गप्पा मारता मारता वळून बघतो, तर फाट्यात पाणीच नाही. मधे एक धार तेवढी राहिलेली, आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर काळा चिखल. ढापण्या धीर करून कयाक ओढायला उतरला. त्याचा एक बूट चिखलाने गिळला तो गिळलाच. मग उरलेला दिवस त्या पायावर पावाची पिशवी बांधून बसला होता.

तुला प्रश्न पडला असेल, काडी कुठे होती? जेवण झालं की तू पाण्याच्या कडेला काडी रोवायचीस, आणि पाण्याने तिला सोडलं की तुझा आवाज यायचा, "उठा, पुरे झाल्या गप्पा. पाव आणि पाणी, पाठ फिरवली की गेलं." काल काडी कुणीच रोवली नाही. विसरलो म्हटलं तर ते खोटं होईल. मी एक काडी उचलली होती. हातात घेऊन पाण्यापर्यंत गेले, आणि तिथे मला वाटलं, हे वहिनीचं काम आहे, आपण केलं म्हणजे तिची जागा घेतल्यासारखं होईल. टाकून दिली. मग चिखलात बसल्यावर कबुलीजबाब सुरू झाले. ढापण्यानेही एक उचलून टाकली होती. दादानेही. तिघांनी तीन काड्या उचलल्या आणि तिघांनी टाकल्या, आणि कुणी कुणाला सांगितलं नाही. दादा तर लिफ्ट दुरुस्त करून पोट भरणारा माणूस, वर-खाली जाणारं सगळं त्याला कळतं, पाणी सोडून.

पाणी परत यायला दिवेलागण झाली. सगळे सुखरूप आहोत. मला थोडी सर्दी.

आता मुद्द्याचं. तुझं आणि दादाचं जे झालं ते झालं. तुम्ही भांडला असतात तर बरं होतं, भांड्याला भांडं लागलं असतं तर निदान आवाज आला असता. ते तुमचं तुम्ही जाणा. पण त्यात माझी वहिनी गेली, आणि ते मला कुणी विचारून केलं नाही. दादाकडे परत ये असं मी म्हणत नाही. माझ्याकडे ये. पुढच्या महिन्यात पुन्हा मोठी भरती आहे. पिवळीत माझ्यामागे बस, ढापण्याला काठावर ठेवू.

तुझी आगाऊ नणंद


सोमवार, २३ जानेवारी

वहिनी,

तुझं कार्ड आलं. एक ओळ. "हिरवीत पुढे कोण होतं?"

एवढं लांबलचक पत्र लिहिलं, त्यात ढापण्याचा बूट होता, पाणकावळा होता, माझी सर्दी होती, आणि तुला दिसलं काय, तर रिकामी सीट. डोळ्यांत तेल घालून वाचतेस तू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण माझ्या बोटांत पहिल्यापासून फटी.

पुढे एक बाई होती.

मागच्या पावसाळ्यात दादाला एका इमारतीतून फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. आत ती एकटी. ती कान तपासते, कमी ऐकू येणाऱ्यांना यंत्रं बसवून देते. वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना आहे. हाताखालचा पोरगा वर मोटर दुरुस्त करेपर्यंत ती घाबरू नये म्हणून दादा बाहेरून बोलत राहिला. आपला दादा, वहिनी! ज्याच्या तोंडून घरात एक शब्द काढायचा तर चिमटा लागायचा, तो बंद दाराशी उभा राहून तासभर बोलला. हे वाचून तुला लागेल. मलाही लागलं होतं. मी तर त्याला तोंडावर म्हटलं, "मधे दार असलं की बोलता येतं वाटतं तुला." तो हत्यारांची पेटी उचलून चालता झाला. अर्थातच.

मी मनातल्या मनात तिला लिफ्टवाली म्हणते. त्या रविवारी मी ठरवूनच गेले होते की तिला नावं ठेवायची. वल्हं उलटं धरेल, थंडी वाजते म्हणून कुरकुरेल, कपडे तरी चुकीचे घालून येईल. मेलीने वल्हं सरळ धरलं. कुरकुरली नाही. जुना लोकरी स्वेटर घालून आली होती, कोपराला रफू केलेला. आता सांग, अशा बाईला कुठून नावं ठेवायची?

चिखलात आम्ही काड्यांची कबुली देत बसलो होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पाणी जाताना मी बघत होते."

मी फाडकन विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही सगळे नेहमीचे. तुम्हाला माहीतच असणार. पहिल्या दिवशी आलेल्या माणसाने काय सांगायचं?"

म्हणजे बघ, आम्ही तिघं तुझी जागा सांभाळत बसलो, आणि ती ही आपली जागा नाही म्हणून गप्प बसली. चौघंही आपापल्या परीने शहाण्यासारखे वागलो आणि चिखलात बसलो. मला हसूच फुटलं. ढापण्याही हसायला लागला. तिला कळेना कशाला हसताय. तिने विचारलं, "काडीचं काय आहे नेमकं?"

 दोन वर्षं दादासमोर तुझा विषय कुणी काढलेला नाही, वहिनी. मी ढापण्याकडे बघितलं, ढापण्याने पायावरची पिशवी नीट करायला घेतली. शेवटी दादाच बोलला. म्हणाला, "माझी बायको रोवायची." मग म्हणाला, "तिच्याइतकं पाणी आमच्यात कुणालाच कळत नाही."

एकदा दार उघडलं आणि मग काय, दुपारभर तुझ्याच गोष्टी. तू पहिल्या वर्षी खुंटाचा दोर न सोडताच वल्हं मारत राहिलीस आणि आम्हाला सांगितलंस, आज प्रवाहाला फार जोर आहे, ती गोष्ट ढापण्याने सांगितली. पावाच्या भट्टीवरून थेट आलीस, भुवयांना पीठ, आणि तशीच पेंगत पेंगत नदी उतरलीस, ती मी सांगितली. ढापण्याची ती दूरची बहीण तुला पाच मिनिटं न थांबता सल्ले देत होती, आणि तू शांतपणे तिच्या हातात अर्धा पाव ठेवून म्हणालीस, "चावा," ती दादाने सांगितली. त्याला ती आठवतेय हेच मला माहीत नव्हतं. आमचे चौघांचे पाय एकाच ताडपत्रीखाली होते, आणि लिफ्टवाली सगळ्यात जास्त हसत होती. मधूनच विचारायची, "मग? मग त्या काय म्हणाल्या?" कान तपासणारी बाई, ऐकते मात्र छान.

मग तिने मला विचारलं, "त्या आता कशा आहेत?"

मला सांगता येईना. तुझा पत्ता माहीत आहे, बेकरीचं नाव माहीत आहे. तू कशी आहेस ते माहीत नाही. लाज वाटली. म्हणून दुसऱ्याच दिवशी लिहायला बसले.

आता रागावलीस तर राग लिही. कार्डावर मावला नाही तर मोठा कागद घे.

तुझीच


रविवार, ५ फेब्रुवारी

वहिनी,

टपाल आलं की मी लॅबचं दार उघडून बघते. माझ्या हाताखालची मुलगी विचारते, "ताई, कुणाची वाट बघताय?" मी म्हणते, एका आजोबांच्या कवळीचा ठसा यायचाय. ठसे कधीच टपालाने येत नाहीत, हे तिलाही माहीत आहे.

दोन पत्रांत जे गिळलं ते आता सांगते. सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

पाणी आलं तेव्हा ते वर चढत होतं आणि आम्हाला जायचं होतं खाली. सगळा उलटा प्रवाह. खांदे भरून आले. कसेबसे धक्क्याला लागलो, ढापण्या आणि ती गाडीकडे गेले, आणि दादा आणि मी कयाक उलट्या करून त्यातलं पाणी काढत होतो. तेव्हा तो म्हणाला, "एप्रिलमध्ये आम्ही लग्न करतोय. तिला तू कळव."

म्हटलं, "तूच लिही की. हात मोडलेत का?"

तो म्हणाला, "मी लिहिलं तर तिला मला उत्तर द्यावं लागेल. ते ओझं तिच्यावर नको. पण तिसऱ्याच कुणाकडून कळायला नको."

बरोबरच होतं त्याचं, आणि तो बरोबर असला की मला जास्त राग येतो. म्हणजे पहिल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत हे यायला हवं होतं. मी मात्र पाणकावळ्यात आणि बुटात फिरत बसले, कारण मला वाटलं, हे वाचलं की तू पत्र मिटशील आणि आमचं घरच मिटशील. आतापर्यंत निदान तुमचं मोडलेलं लग्न तरी आपल्या मधे होतं. मोडकं का असेना, एक नातं होतं. एप्रिलनंतर मी तुझी कोण?

माझ्या धंद्यात एक गोष्ट रोज बघते. दात काढला की शेजारचे दोन दात हळूहळू त्या जागेत कलायला लागतात. त्यांचा काही दोष नसतो, तोंडाला रिकामी जागा चालत नाही. मला तेच होताना दिसतंय. परवा लिफ्टवालीच्या आवडीचा चहा मी माझ्या फडताळात आणून ठेवला. दुकानात हात आपोआप गेला. घरी आल्यावर डबा उघडून तशीच उभी राहिले, आणि मला तुझी इतकी आठवण आली की मी तो चहा केलाच नाही.

मावशीने बजावलंय, "आता तिला वहिनी म्हणायची सवय कर." मी म्हणून बघितलं. शब्द जिभेवर फिरतो आणि परत आत जातो. ती चांगली आहे गं. तेच तर वाईट आहे. वाईट असती तर मी तुझ्या बाजूने भांडले असते आणि सगळं कसं सोपं झालं असतं.

तुला नदीवर यायचं नसेल तर येऊ नको. तो हट्ट सोडला. पण मला सोडू नकोस. झालं, एवढंच लिहायचं होतं, आणि त्यासाठी तीन पत्रं लागली.

नणंद


गुरुवार, १६ फेब्रुवारी

वर काय लिहायचं ते कळत नाही, म्हणून कोरंच ठेवलंय.

तुझं पत्र काल आलं. लॅबमध्येच फोडलं. पहिली ओळ वाचली, "मला आता वहिनी लिहू नकोस, ते आता तिचं," आणि पत्र उपडं ठेवलं. मेणात अर्धे दात बसवून झाले होते, ते तसेच सोडून मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आधी तुझा राग आला. मग दादाचा. मग इतकं रडू आलं की हाताखालची मुलगी पाणी घेऊन आली आणि काही न विचारता गेली. कुणी मेलं असं वाटलं असेल तिला.

मग परत आले आणि पुढचं वाचलं. आधी शिव्याच आहेत! "तिघं एवढे मोठे घोडे आणि एक काडी रोवता आली नाही? माझ्या नावाने चिखलात बसायला मी काय मेलेय?" हे वाचून मी मोठ्याने हसले, गाल ओलेच होते. मुलगी पुन्हा डोकावली.

लिफ्टवालीसाठी तू लिहिलेला निरोप मी तिला शब्दशः सांगितला. की दादा विचारात पडला की त्याचं वल्हं घाईघाईने चालायला लागतं, तेव्हा पुढच्याने त्याच्या मागे पळायचं नाही, आपल्या चालीने मारत राहायचं, तो येतो परत ताळ्यावर.  तिने विचारलं, "हे नदीपुरतंच आहे का?" म्हटलं, मला नाही वाटत. ती म्हणाली, "माझ्याकडून त्यांना काही सांगू नका. आभार मानले तर ते फार छोटं होईल." मी तरी तुला सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तिला अजून कळायचंय.

दादाला सांगितलं की तुला कळवलं. त्याने विचारलं, "काय म्हणाली?" म्हटलं, "ते आमच्या दोघींतलं आहे." तो बघतच राहिला. मग मान हलवली आणि म्हणाला, "बरं झालं." तुझ्याबद्दलची एखादी गोष्ट मी त्याला सांगितली नाही, असं हे पहिल्यांदाच झालं असेल.

आता तुझ्या पत्राचा शेवट. तू लिहिलंस, "मला नाव आहे. तुमच्या घरात येण्याआधीही होतं. तुझ्या तोंडून ते मी एकदाही ऐकलेलं नाही. मला नदीवर बोलावू नकोस, तिकडे सगळे मला वहिनीच म्हणणार. तुला यायचं तर तू इकडे ये. पहाटे भट्टी असते, दुपारी मी मोकळी असते."

मी खूप आठवून बघितलं. खरंच एकदाही नाही. लग्न ठरेपर्यंत तू "त्या" होतीस, आणि बोहल्यावरून उतरलीस ती वहिनी. माझ्याच वयाची तू. आपण एका ताटात जेवलो, एका पांघरुणात झोपलो, तापात मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले, आणि तुला हाक मारली ती दरवेळी माझ्या भावावरून. काल सगळे गेल्यावर लॅबमध्ये एकटीने तुझं नाव मोठ्याने म्हणून बघितलं. कुणा दुसऱ्याच बाईला बोलावतेय असं वाटलं. पुन्हा म्हटलं. मग जरा तुझा चेहरा आला.

इथे लिहिणार नाही. पहिल्यांदा ते तू ऐकायला हवंस.

पुढच्या गुरुवारी दुपारच्या गाडीने येतेय. ढापण्या सोडायला येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. तुझ्या घराची बेल मी वाजवणार नाही. खाली रस्त्यावर उभी राहीन आणि तुझं नाव घेऊन हाक मारीन, सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. सवय नाही, आवाज कदाचित चिरका येईल. तू वरून ओ दे.